उत्पन्नाचा अन्य स्रोत

मे महिन्याचं उत्तर आलं तेव्हा
मी वाचनालयाच्या पायरीवर होते,
फुकटचं वायफाय पोचतं त्या शेवटच्या पायरीवर.
नामंजूर.
कारण : उत्पन्नाचा अन्य स्रोत आढळला.

मी आधी इकडेतिकडे पाहिलं.
कुठे आढळला?
गॅलेशेवेत आमच्या गल्लीला स्रोत म्हणावा असा एकच,
कोपऱ्यावरचा नळ,
आणि तोही दुपारी दोनला मान टाकतो.

मग खातं उघडून बसले.
एप्रिलची चौदा तारीख. दिकेलेदीकडून पन्नास रँड.
गाओलाथेकडून शंभर.
मा सेइपातीकडून तीस, आणि रात्री उशिरा
आणखी दहा, बहुधा लाज वाटून.
असे करत करत बाराशे सत्तर.
सोळा तारखेला बाराशे सत्तर
शवपेटीवाल्याकडे.

म्हातारा मोदिसे गेला होता.
करवतींना धार लावायचा, पैसे उधार ठेवायचा,
आणि कुणाचे किती ते विसरायचा.
वर्गणी माझ्या खात्यावर, कारण
खजिनदारणीचा फोन बादलीत पडलेला
आणि माझ्या फोनला नुसती भेग.

पेटी सगळ्यात स्वस्तातली घेतली.
कड्या शोभेच्या होत्या,
खालून हात द्यावा लागला.

दोन रात्री बाराशे सत्तर रँड माझ्या नावावर होते
आणि घरात अर्धा कोबी.
मुलगा म्हणाला, आई, विजेचे वीस टाक ना, उद्या परत ठेव.
मी फोन उशाखाली घेतला.
काळोखातच झोपलो आम्ही. म्हणजे तो झोपला.

मशीनला आत आलेलं दिसलं,
बाहेर गेलेलं दिसलं नाही.
असा कसला राखणदार, जो येणाऱ्यालाच मोजतो?
मढ्याच्या टाळूवरचं लोणी मी खाल्लं,
एवढंच त्याला म्हणायचं आहे,
फक्त त्याची भाषा स्वच्छ आहे.

फेरविचारासाठी कारण निवडा, असं खाली एक चौकट.
दाबली की यादी उघडते :
नोकरी गेली. माहिती चुकीची. ओळख जुळत नाही.
मी तीनदा वरखाली केलं.
'ते पैसे मोदिसेचे होते' असं
कुठेच नव्हतं.
'माहिती चुकीची' निवडावं
तर माहिती अगदी खरी आहे, पैशापैशापर्यंत.

खिडकीवरची बाई वाईट नव्हती.
तिने चष्मा कपाळावर सरकवला, नाव विचारलं.
केनेइल्वे, मी म्हटलं.
आमच्या भाषेत याचा अर्थ, मला दिलं गेलंय.
ती हसली, मग तिच्या लक्षात आलं, मग तिने
स्टेपलर उगाच उघडून बंद केला.
म्हणाली, नव्वद दिवस लागतील.
म्हणाली, तोवर खात्यात काही येऊ देऊ नकोस हं.
कोबीवाली, पाववाला, मुलाचे बूट,
हे सगळे नव्वद दिवस कुठे उभे करू
हे मी तिला विचारलं नाही. मागे रांग होती.

परतताना जुन्या खाणीकडून वारा सुटला,
दातांत धूळ.
गल्लीच्या तोंडाशी मा सेइपातीच्या अंगणात
प्लॅस्टिकच्या खुर्च्या उतरवत होते.
चाळीस तरी असतील.
एवढ्या खुर्च्या आमच्याकडे एकाच कामाला लागतात.

तीस रँड आणि वर दहा.

गाओलाथे फाटकाशी आला, टोपी हातात.
मग घसा साफ करून,
अर्धवट दुसरीकडे बघत :
या वेळीही तुझ्याच खात्यावर घ्यायचे का?

नव्वदातला हा पहिलाच दिवस.

पेन आहे? मी विचारलं.
त्याच्याकडे पेन होतं, कागद नव्हता.
त्याने तळहात पुढे केला
आणि मी आकडे सांगत गेले,
सावकाश,
शून्य दोनदा आहेत, नीट लिही, म्हणून.